मॉरिशस : दक्षिणेचे किनारे, राखीव जंगले आणि पोर्ट लुईचा जुना भाग

सुरूचे_बन (धागाकर्ता)

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी मंडळींना ठरीव सहलीत बहुधा एकच आराखडा मिळतो. उत्तरेला ग्रां बे किंवा त्रू ओ बिशच्या बाजूला हॉटेल, एक दिवस इल ओ सेर्फच्या होडीचा, एक दिवस शामारेलच्या रंगीत मातीचा आणि गंगा तलावाचा, आणि उरलेला वेळ हॉटेलसमोरच्या वाळूवर. उत्तरेचे पाणी शांत आणि उथळ असते, त्यामुळे लहान मुले बरोबर असणाऱ्यांना ती बाजू सोयीची आहे हे मान्य. तरीही या आराखड्यात बेटाचा सर्वांत मोलाचा भाग राहून जातो, असे माझे ठाम मत आहे. आग्नेयेचे माहेबूर, नैर्ऋत्येचा ल मॉर्न डोंगर, मधल्या उंच प्रदेशातले राखीव जंगल आणि पोर्ट लुईचा जुना भाग ही ठिकाणे एकमेकांना जोडून पाहिली, तर इथली जमीन, पक्षी आणि माणसे यांच्यावर गेल्या चारशे वर्षांत काय काय गुदरले ते एकाच प्रवासात कळते. अंतरांची काळजी नको. सारे बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटरचे आहे.

प्रथम किनाऱ्यांविषयी. बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळभिंतीचे कडे आहे, आणि ही भिंत व किनारा यांच्यामध्ये जे उथळ, निळे-हिरवे पाणी साठून राहते त्याला सर्वजण लगून म्हणतात. लाटांचा जोर भिंतीवरच फुटत असल्यामुळे आत पोहणे सोपे जाते. दक्षिणेला सुयाक गावाजवळ ग्री ग्री येथे मात्र हे कडे तुटते, आणि हिंदी महासागराच्या लाटा थेट काळ्या कातळावर येऊन आदळतात. ग्री ग्रीला जरूर जावे, कड्यावर तासभर बसावे, पण पाण्यात उतरू नये. विमानतळाजवळचा ला कांब्यूझ हा सुरूच्या झाडांचा सुंदर किनाराही ओढीच्या प्रवाहांसाठी ओळखला जातो. तेथील सूचनाफलक वाचूनच पुढे व्हावे.

पोहण्यासाठी आणि प्रवाळ पाहण्यासाठी माहेबूरजवळचा ब्लू बे मला सर्वांत आवडतो. हा संरक्षित सागरी उद्यानाचा भाग असून २००८ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. काचेच्या तळाच्या होडीतून वृद्धांनाही प्रवाळ पाहता येतो. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे काही ठिकाणी प्रवाळ पांढरा पडलेला दिसतो आणि मन खट्टू होते; पण जे जिवंत आहे ते पाहताना त्यावर पाय न देणे आणि काहीही उचलून न आणणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

मुक्कामाची बाजू वाऱ्यावरून ठरवावी. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. त्या काळात पूर्वेच्या बेल मारला वाळू अंगावर उडते, तर पश्चिमेला तामारें आणि फ्लिक आं फ्लाकच्या बाजूला हवा निवांत असते. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये त्यांची भीती अधिक.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची आहे. हॉटेलच्या खुर्च्या पुढे मांडलेल्या असल्या तरी पाण्याच्या कडेने चालत जाण्याचा हक्क कोणालाही आहे. रविवारी सुरूच्या सावलीत स्थानिक कुटुंबे डबे आणि पातेली घेऊन येतात, गाणी म्हणतात, मुले पाण्यात डुंबतात. ज्यांना हे बेट तिथल्या माणसांसह पाहायचे आहे त्यांनी रविवारचा दिवस सार्वजनिक किनाऱ्यावर घालवावा.

जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

घाटमाथा

अतिशय उपयुक्त धागा. आम्ही सप्टेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन जात आहोत. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, रोज फिरायला जातात, पण खडा चढ त्यांना झेपणार नाही. दोन प्रश्न आहेत. पोर्ट लुईसाठी एकच दिवस देता येणार असेल तर तो कसा घालवावा? आणि जंगलाचा अनुभव चढाशिवाय मिळेल का? काही प्रवासी कंपन्यांनी पोर्ट लुईमध्ये खरेदीखेरीज काही नाही असे सांगितले, ते पटले नाही.

पूर्वेचा_वारा

नोकरीनिमित्त मी काही वर्षे मधल्या उंच प्रदेशातल्या क्युरपीप शहरात राहतो आणि पोर्ट लुईला नेहमी जातो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत, वाऱ्याच्या आडोशाला वसलेले असल्यामुळे दुपारी फार तापते. सकाळी लवकर पोहोचणे हिताचे. क्युरपीपपासून आता मेट्रो थेट शहरात येते (ती आपल्याकडच्या लार्सन अँड टूब्रोने बांधली आहे, पहिला टप्पा २०२० मध्ये सुरू झाला), त्यामुळे गाडी उभी करण्याची चिंता उरत नाही.

सुरुवात आप्रवासी घाटापासून, म्हणजे करारावर आणलेले मजूर जिथे उतरत त्या धक्क्यापासून, करावी. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली आणि मॉरिशसमध्ये तिचा शेवट १ फेब्रुवारी १८३५ रोजी झाला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिश सरकारने करारावर मजूर नेण्याचा प्रयोग याच बेटावर केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून आलेल्या मजुरांपासून ही गणना सुरू होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे येथे उतरली. कित्येकांना पुढे इतर वसाहतींत पाठवले गेले, पुष्कळजण इथेच राहिले. आज उभे असलेले बांधकाम १८४९ नंतरच्या मजूर-तळाचे आहे, तेही अर्धेमुर्धे. बाकीचे रस्त्याखाली गेले. तरीही धक्क्यावरून आत येणाऱ्या दगडी पायऱ्या, रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि उघड्या मोऱ्या पाहिल्या की करारावर अंगठा उठवून आलेल्या माणसाचे पहिले दोन दिवस कसे गेले असतील हे समजते. २००६ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शेजारचे माहितीकेंद्र उत्तम मांडलेले आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि जागा सपाट असल्यामुळे ज्येष्ठांना त्रास होत नाही. रविवारी मात्र जाऊ नका.

तेथून जवळच जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत गुलामगिरीविषयीचे आंतरखंडीय संग्रहालय आहे. मी सर्व पाहुण्यांना ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहायला सांगतो. आपण भारतीय लोक घाटावर जाऊन भारावतो आणि आफ्रिका व मादागास्करहून साखळदंडात आणलेल्यांची आठवण न काढता परततो, हे मला योग्य वाटत नाही. फ्रेंच राज्यकर्त्यांचे हे शहर या गुलामांच्याच श्रमांवर उभे राहिले. १७३५ मध्ये माए द ला बूर्दोने हा गव्हर्नर आला आणि त्याने या बंदराला राजधानीचे रूप दिले, हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. दगड कोणी वाहिले ते या संग्रहालयात कळते.

मग मध्यवर्ती मंडईत जावे. भाजीचा भाग पाहावा आणि उभ्याउभ्या दालपुरी खावी. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली ही पातळ, मऊ पोळी दोनदोन एकत्र गुंडाळून, आत वालाची रसदार भाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरचीचे लोणचे घालून देतात. वर आलूदा हे थंडगार दुधाचे पेय प्यावे. त्यात सब्जा असतो, त्यामुळे आपल्याला ते ओळखीचे वाटते. मंडईमागे चिनी वस्ती आणि जुम्मा मशीद जवळजवळ आहेत. त्या गल्ल्यांत लाकडी झडपांच्या खिडक्या आणि पुढे व्हरांडा असलेली जुनी घरे अजून थोडी शिल्लक आहेत. दर वर्षी त्यांतली काही पाडली जातात, म्हणून मी आग्रहाने सांगतो की त्या गल्ल्यांतून पायीच फिरा आणि मान वर करून पहिल्या मजल्यांकडे पाहत चला.

वेळ उरला तर निसर्गेतिहास संग्रहालय उघडे असल्याची खात्री करून घ्या. एकाच डोडो पक्ष्याच्या हाडांचा जवळजवळ पूर्ण सांगाडा जगात एकच आहे आणि तो या शहरात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एतियेन तिरियू नावाच्या हौशी संग्राहकाने तो शोधला. त्याचा व्यवसाय केशकर्तनाचा होता. संध्याकाळी चारनंतर बाजार आवरू लागतो आणि शहर झपाट्याने रिकामे होते, त्यामुळे रात्रीचा बेत इथे ठेवू नये.

रानपिंगळा

डोडोचा उल्लेख झाला आहे, तर राखीव जंगलांबद्दल मी लिहितो. पक्षीनिरीक्षण हा माझा जुना छंद आहे आणि त्या दृष्टीने मॉरिशससारखी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

डच लोक १५९८ मध्ये येथे प्रथम उतरले तेव्हा बेटावर कायमची मानवी वस्ती नव्हती. त्यांनी १६३८ पासून वसाहत केली, अबनूस तोडले, जावाहून हरणे आणली. जहाजांतून उंदीर, डुकरे आणि माकडे आली. जमिनीवर घरटे करणारा डोडो सतराव्या शतकातच संपला. पुढे ऊस आला, त्यानंतर चहा, आणि आज चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. रस्त्यावरून हिरवेगार दिसणारे बेट बहुतांशी बाहेरून आणलेल्या वनस्पतींचे आहे. ज्या सुरूखाली आपण बसतो तोही बाहेरचाच, आणि जंगलात दाट माजलेला, लालचुटूक फळांचा चिनी पेरू तर मूळ रोपांना उजेडच मिळू देत नाही. (फळ चवीला छान असते आणि हंगामात रस्त्याकडेला मीठ-मिरची लावून विकतात. ते अवश्य खावे, पण बिया वाटेत थुंकू नयेत.)

हे ठाऊक असले म्हणजे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान निराळ्या नजरेने पाहिले जाते. १९९४ मध्ये घोषित झालेले हे उद्यान पासष्ट चौरस किलोमीटरहून थोडे मोठे आहे. पेत्रें येथील केंद्रापासून जंगलात शिरणारी वाट जवळजवळ सपाट आहे, तेव्हा घाटमाथा यांच्या आईवडिलांना ती सहज जमेल. थोडे आत कुंपण घातलेले तुकडे दिसतील. तिथे हरीण व डुक्कर शिरू देत नाहीत आणि परकी झुडपे हातांनी उपटतात; कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे जंगल शेजारी शेजारी पाहिले की फरक लगेच लक्षात येतो. वर थंडी आणि पावसाची भुरभुर असते, म्हणून छत्री आणि स्वेटर बरोबर असावा.

याच जंगलात मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा, १९७४ मध्ये अवघा चार ज्ञात पक्ष्यांवर आला होता. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास निसर्गात दहाच्या आसपास उरले होते. पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिले हाताने भरवून, घरट्यांच्या पेट्या लावून आणि खाद्य पुरवून हे दोन्ही पक्षी वाचवले. आज गुलाबी कबुतरांची संख्या काहीशेंमध्ये आहे. ते झाडावर निवांत बसलेले दिसते तेव्हा त्यामागे चाळीस वर्षांची अखंड मेहनत आहे, हे मी विसरू शकत नाही.

आता इल ओ एग्रेतविषयी. माहेबूरसमोर किनाऱ्यापासून जेमतेम ८०० मीटरवर असलेले हे प्रवाळी चुनखडकाचे बेट सुमारे २६ हेक्टरचे असून १९६५ पासून राखीव आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे लोक तेथे होडीने नेतात आणि त्यांच्या मार्गदर्शकाबरोबरच फिरावे लागते. चाल सावकाश असते आणि चढ नसतो. किनारी अबनुसाचे जंगल इथे टिकून आहे. मूळची महाकाय कासवे नामशेष झाल्यामुळे सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटावरची कासवे इथे आणून सोडली. ती अबनुसाची फळे खातात, विष्ठेतून बिया लांबवर टाकतात आणि तिथे नवी रोपे उगवतात. जे काम तुटले होते ते दुसऱ्या जातीच्या प्राण्याकडून पुन्हा सुरू करून घेण्याचा हा प्रयोग जगभरच्या अभ्यासकांनी वाखाणला आहे. एकाच गोष्टीसाठी वेळ असेल तर इल ओ सेर्फ सोडून इथे जा, असे मी निःसंकोच सांगेन.

सुरूचे_बन (धागाकर्ता)

रानपिंगळा, आपण फार मोलाचे लिहिलेत. त्या परिसराच्या संदर्भात एक गोष्ट जोडतो. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज पॉइंत देस्नीसमोर प्रवाळभिंतीवर चढले आणि पुढच्या महिन्यात त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. तेव्हा माहेबूर आणि आसपासच्या गावांतली माणसे सरकारी आदेशाची वाट न पाहता किनाऱ्यावर जमली. उसाचे पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या, त्या तरंगत्या ठेवून तेल अडवले आणि दिवसचे दिवस काठ धुऊन काढला. इल ओ एग्रेतवरचे काही दुर्मिळ सरपटणारे प्राणी व रोपे तातडीने हलवावी लागली होती. आज ब्लू बेला गेल्यावर यातले काही दिसणार नाही, पण होडीवाल्यांशी बोललात तर बहुतेक जण आपण होऊन ते दिवस सांगतात.

माहेबूर गावासाठी सोमवार राखून ठेवावा, कारण त्या दिवशी तेथे मोठा आठवडी बाजार असतो. गावाच्या वेशीवरच्या जुन्या बंगल्यात राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या ग्रां पोर्टच्या उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली, तीत फ्रेंच जिंकले, आणि दोन्ही बाजूंच्या जखमी सेनानींवर याच घरात उपचार झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी उत्तरेकडून सैन्य उतरवून बेट घेतले.

बांध_आणि_कुळागर

उत्तरेवर थोडा अन्याय होत आहे, असे वाटते. पांप्लमूसचे वनस्पतिउद्यान उत्तरेच्याच वाटेवर आहे. प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने अठराव्या शतकात जायफळ आणि लवंगेची रोपे डचांच्या पहाऱ्यातून मिळवून इथे वाढवली आणि मसाल्यांवरची त्यांची मक्तेदारी मोडायला सुरुवात झाली. कोकणात जायफळ लावणाऱ्या माझ्यासारख्याला ती झाडे पाहून फार आनंद झाला. परातीएवढ्या पानांची कमळे सर्वजण पाहतात, पण आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालिपोत ताडही पाहावा. शिवाय पोर्ट लुईच्या उत्तरेला तेर रूजच्या खाडीमुखाशी पक्षी अभयारण्य आहे, तिथे ऑक्टोबरपासून उत्तर गोलार्धातले स्थलांतरित पक्षी येतात.

सावंतवाडीची_वाट

मॉरिशसमधल्या मराठी समाजाबद्दल कोणी लिहील का? आमच्या भागातून पूर्वी लोक ‘मिरीच’ देशाला, म्हणजे मॉरिशसला, गेले, असे घरात बोलले जाई. अशा कुटुंबाचा माग तेथे लागू शकतो का, आणि पर्यटकाने अशा गावांत जावे का, या दोन्ही गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत.

पूर्वेचा_वारा

मजुरांची बहुतेक जहाजे कलकत्त्याहून सुटली, त्याखालोखाल मद्रासहून, आणि काही मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या बाजूचे लोक पुष्कळ होते. त्यांचे वंशज आज कास्कावेल, वाकोआ आणि पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात अधिक आढळतात. घरात बहुधा क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली, बोलतात; मराठी शाळेत शिकतात, पूजेत आणि भजनात वापरतात, आणि कोकणातली जाखडीही त्यांनी जपली आहे. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

माग काढण्याविषयी सांगायचे तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जतन केलेली आहेत. जहाजाचे नाव, आल्याचे वर्ष, मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि क्रमांक असे त्यांत नोंदवलेले असते. गावांची नावे इंग्रज कारकुनाने कानावर पडतील तशी लिहिली आहेत, म्हणून जवळपासच्या गावांची आणि तालुक्याची नावेही बरोबर न्यावीत. आधी पत्रव्यवहार करून मगच जावे.

गावांत जाण्याबद्दल माझे मत असे की ओळखीतून, आमंत्रणावरून जावे. ती माणसे राहत्या घरात आहेत, प्रदर्शनात नाहीत. देवळातल्या कार्यक्रमाला मात्र कोणाचेही मनापासून स्वागत होते, आणि तुम्ही कोकणातून आलात असे कळले की जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

रानपिंगळा

तामारेंच्या डॉल्फिन सहलींबाबत सावध करायचे राहिले. पहाटे उपसागरात विश्रांतीला आलेल्या डॉल्फिनच्या कळपाला अनेक होड्या घेरतात आणि पर्यटकांना त्यांच्यापुढे पाण्यात उतरवतात. मी ते पाहिले आहे आणि पुन्हा जाणार नाही. ज्यांना समुद्रातले जीवन पाहायचे आहे त्यांनी मुखवटा लावून लगूनमध्येच हळूहळू पोहावे. पायात रबरी बूट असू द्यावेत, कारण वाळूत समुद्री साळू असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही असतो.

ल मॉर्नवर कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. समुद्रातून सरळ वर आलेल्या ५५६ मीटर उंचीच्या या कातळावर मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत. २००८ मध्ये तोही जागतिक वारशात आला. मुक्तीची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, ते पकडायलाच आले असे समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शेवटचा टप्पा हातापायांनी चढण्याचा आहे. ज्यांना तो झेपणार नाही त्यांनी पायथ्याच्या स्मारकापाशी थांबावे. मॉरिशसचे राष्ट्रीय फूल असलेले लाल घंटेच्या आकाराचे ट्रोकेशिया केवळ याच डोंगरावर निसर्गतः वाढते, ते तोडणे हा गुन्हा आहे.

घाटमाथा

सर्वांचे आभार. आता बेत असा ठरवला आहे : पहिला मुक्काम माहेबूरजवळ, त्यात ब्लू बे, इल ओ एग्रेत आणि सोमवारचा बाजार, मग पश्चिमेला तामारेंच्या बाजूला मुक्काम, तिथून पेत्रें, ल मॉर्नचा पायथा आणि ग्री ग्री, पोर्ट लुईसाठी मधला एक दिवस, आणि परतताना पांप्लमूस. गाडी भाड्याने घ्यावी की चालकासह घ्यावी? आमच्या तारखांमध्ये गणेशचतुर्थी येते आहे, त्या दिवशी काय अडचण येईल?

पूर्वेचा_वारा

वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि रस्ते चांगले आहेत, त्यामुळे स्वतः चालवायला हरकत नाही. पोर्ट लुईच्या दिवशी तेवढी गाडी क्युरपीपला ठेवून मेट्रोने जा. बस सर्वत्र जाते, परंतु संध्याकाळी लवकर बंद होते आणि पेत्रेंच्या बाजूला फेऱ्या कमी असतात. इल ओ एग्रेतची फेरी आधी ठरवा आणि सकाळची मागा. दुपारी कासवे सावलीत निजतात.

गणेशचतुर्थीच्या सुट्टीत सरकारी संग्रहालये बंद असतात, तेव्हा त्या दिवशी पोर्ट लुईचा बेत नको. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाक आणि तामारेंच्या बाजूला विसर्जनाच्या मिरवणुका येतात. दुपारनंतर किनाऱ्याकडचे रस्ते भरून जातात, म्हणून गाडी गावातच ठेवून चालत जा आणि आईवडिलांसाठी घडीच्या खुर्च्या बरोबर असू द्या.